अर्ध्या गुणाची गोष्ट

मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका ज्येष्ठ काकांनी मला गाठलं. "काय रे, तू म्हणे पैसे भरून हॉटेलात बुद्धिबळ खेळायला जातोस? सूनबाई सांगत होती, शेवटचा डाव चार तास चालला आणि बरोबरीत सुटला. चार तासांनी बरोबरीच व्हायची होती, तर पहिल्याच मिनिटाला हात मिळवून घरी का नाही आलास?"

मागून रांग ढकलत होती, त्यामुळे "काका, सावकाश सांगतो" एवढं म्हणून मी पुढे सरकलो. ते सावकाश सांगणं म्हणजे हा लेख. बुद्धिबळावर लिहायचं म्हणजे जगज्जेत्यांच्या डावांबद्दल लिहायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण या देशात दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात आमच्यासारखे हौशी लोक गंभीर चेहऱ्याने जे डाव खेळतात, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्यांत नेमकं काय घडतं, हे असा एक डाव उलगडून सांगावा असं मनात आहे. डाव माझाच आहे, नोव्हेंबर २०२२ मधला, ओहायोतला. त्यात माझी शोभा होते, पण दुसऱ्याची करण्यापेक्षा ते बरं.

आधी या स्पर्धांचा थोडा परिचय. विमानतळाजवळचं एखादं हॉटेल, त्यातली लग्नाच्या रिसेप्शनला देतात तशी मोठी खोली, लांबलचक टेबलं आणि त्यांवर गुंडाळून नेता येणारे हिरवे-पांढरे प्लॅस्टिकचे पट. शुक्रवारी संध्याकाळी एक डाव, शनिवारी दोन, रविवारी दोन. नऊ वर्षांची मुलं असतात, ऐंशीचे आजोबा असतात. हरलं म्हणून कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्याशी गाठ घालून देतात. याला स्विस पद्धत म्हणतात, कारण ती पहिल्यांदा १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत वापरली गेली. पद्धत मोठी न्यायी आहे आणि तितकीच निर्दय. सुरुवातीला तुम्ही जिंकलात, तर बक्षीस म्हणून पुढे अधिक अवघड माणूस मिळतो. शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक जण आपापल्या पायरीवर येऊन बसलेला असतो.

ही पायरी आकड्यात सांगायची सोय आर्पाद एलो यांनी केली. हे गृहस्थ मूळचे हंगेरीचे. मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे आठ वेळा विजेते होते. त्यांची पद्धत अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तत्त्व सोपं आहे. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल, तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. ४०० चा असेल, तर ९१. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की आकडा वाढतो, कमी मिळाले की उतरतो. म्हणजे हा आकडा तुमची बुद्धी मोजत नाही. तुमच्या निकालांवरून पुढच्या निकालांचा अंदाज बांधतो, एवढंच. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही माझा आकडा तेव्हा १७९१ होता आणि १८०० च्या पुढे 'ए' वर्ग सुरू होतो, या गोष्टीने माझी दोन वर्षं झोप उडवली होती. डॉक्टरेट झालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने नऊ गुणांसाठी झुरावं हे हास्यास्पद आहे, कबूल. पण कामाच्या ठिकाणी दर वर्षी माझं जे मूल्यमापन होतं, त्यावर माझा याच्या निम्मासुद्धा विश्वास नाही.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर आले ते सत्तरीच्या पुढचे एक निवृत्त गृहस्थ. आयुष्यभर टपाल वाटलेलं. चौकड्यांचा शर्ट, थर्मासमध्ये कॉफी आणि चाली लिहायला कडा झिजलेली जाड वही. त्यांचा आकडा बरोबर १७००. असा गोल आकडा दिसला की ओळखावं, हा माणूस जमिनीला टेकला आहे. अमेरिकेत नियम असा की, तुम्ही आयुष्यात गाठलेल्या सर्वोच्च आकड्यातून २०० वजा करायचे आणि खालच्या शतकावर आणायचं. त्याच्या खाली तुमचा आकडा जात नाही. म्हणजे हे गृहस्थ कधीकाळी १९०० च्या पुढे होते आणि आता वयाने त्यांना तळाशी आणून सोडलं होतं. मी मात्र फक्त १७०० पाहिले. ९१ चा फरक, म्हणजे शंभर डावांत मला ६३ गुण. जिंकलो तर १८०० पार होतात, हा हिशेब मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसूनच केला होता. स्पर्धेला जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा की, हा हिशेब करू नये.

नियमांतले दोनच सांगतो. एक, हात लावला की ते मोहरं चालवावंच लागतं. आपल्याकडे घरी "अरे, मी नुसतं सरळ करत होतो" हा बचाव चालतो, इथे चालत नाही. दुसरा घड्याळाचा. आम्हाला प्रत्येकी दोन तास होते, आणि प्रत्येक चालीला पहिली पाच सेकंदं फुकट. म्हणजे तुमची पाळी आल्यावर पाच सेकंद घड्याळ थांबून राहतं, मग वेळ खाऊ लागतं. बॉबी फिशरने याच्या जवळची एक कल्पना मांडली, तिचं पेटंट त्याला १९८९ मध्ये मिळालं. त्याच्या घड्याळात चाल केली की काही सेकंद खात्यात जमा होतात. आमच्यात जमा काही होत नाही, फक्त थोडी उसंत मिळते. वेळ संपली की डाव गेला, मग पटावर तुमचे दोन वजीर का असेनात.

डावाच्या पहिल्या अर्ध्याबद्दल फार लिहीत नाही. माझी पांढरी मोहरी होती. वजिराच्या पुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरुवात केली. पंधरा-सोळा चाली दोघांनाही तोंडपाठ असाव्यात तशा झाल्या. बाविसाव्या चालीला माझ्या वजिराने एकाच वेळी त्यांच्या उंटावर आणि एका एकट्या प्याद्यावर नजर टाकली, त्यांनी उंट वाचवला आणि मी प्यादं खाल्लं. हौशी डावांत बहुतेक वेळा फायदा असाच होतो. फार मोठी योजना नसते, समोरच्याच्या डोळ्यांतून एक घर निसटतं, एवढंच. त्यांनी एक सुस्कारा सोडला, थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा बसले. एक प्यादं जास्त आणि पुढे अख्खा डाव. मला १८०० दिसू लागले.

आता तेहतिसावी चाल. या चालीकडे नीट लक्ष द्यावं, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. तेव्हा मला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं.

घरात पट असेल तर तो पुढ्यात घ्या. पांढऱ्याच्या बाजूने बसलं की डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत नावं आहेत, आणि खालून वर आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. त्यांचा काळा घोडा ई-४ वर येऊन बसला होता. तिथून त्याचा डोळा माझ्या एफ-२ वरच्या प्याद्यावर होता. ते प्यादं अजून आपल्या मूळ घरात होतं आणि जी-१ वरचा राजा त्याला राखून होता, म्हणजे धोका असा काही नव्हता. पण घरात आलेला परका माणूस पाहून जसं वाटतं तसं मला त्या घोड्याकडे पाहून वाटत होतं. मी प्यादं एफ-३ वर सरकवलं. घोडा निमूट परत गेला. मी वहीत चाल लिहिली आणि समाधानाने पाणी प्यायलो. सगळा विचार मिळून अर्धा मिनिट.

त्यानंतर वजीर गेले, घोडे गेले, आणि पटावर प्रत्येकी एक हत्ती आणि प्यादी उरली. माझी चार, त्यांची तीन. इथे जुना नियम असा आहे की, ज्याचं पारडं जड त्याने मोहऱ्यांची मारामारी करावी, प्याद्यांची नको. आणि ज्याचं हलकं त्याने उलट. कारण शेवटी वजीर व्हायला प्यादीच लागतात. ते गृहस्थ हा नियम पाळत होते आणि मी त्यांना मदत करत होतो. एक प्यादं त्यांनी समोर आणून ठेवलं, मी मारलं, त्यांनी मारलं. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. अठ्ठावन्नाव्या चालीपर्यंत पट जवळजवळ रिकामा झाला होता.

ही ती स्थिती. पांढरा राजा ई-३ वर, हत्ती ए-४ वर, प्यादं एफ-३ वर. काळा राजा एफ-७ वर, आणि त्यांनी आत्ताच हत्ती ई-७ वर आणून मला शह दिला आहे. माझ्याकडे सहा मिनिटं, त्यांच्याकडे अकरा.

राजा बाजूला घेऊन हत्ती पटावर ठेवता आले असते. पण काळा राजा प्याद्याच्या वाटेत असताना एक हत्ती-एक प्यादं विरुद्ध हत्ती ही स्थिती बरोबरीत सोडवता येते. ती कशी सोडवायची, हे अठराव्या शतकातल्या फिलिदोर नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवून ठेवलं आहे. तो ऑपेरा लिहायचा आणि बुद्धिबळात त्या काळी त्याच्या तोडीचा क्वचितच कोणी होता. तर मला वाटलं, ही कटकट कशाला? मी हत्ती मध्ये घातला, ई-४ वर. हत्तींची मारामारी होऊ दे. मग राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा. माझा राजा प्याद्याच्या पुढे. पुस्तकात लिहिलंय, राजा प्याद्याच्या पुढे असला की जिंकतो.

पुस्तकात त्यापुढे आणखी एक वाक्य असतं.

राजा-प्याद्याच्या या खेळाचा गाभा एका गोष्टीत आहे. दोन राजे एकमेकांना चिकटून उभे राहू शकत नाहीत. म्हणून ते एकाच पट्टीत, मध्ये एक घर सोडून समोरासमोर आले की, कोणालाच पुढे जाता येत नाही. आणि बुद्धिबळात "मी थांबतो" असं म्हणायची सोय नाही. ज्याची पाळी असेल त्याला हलावंच लागतं, आणि हलला की वाट मोकळी झाली. अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की जो आधी अंग चोरतो तो मागे राहतो, तसंच. इथे पाळी असणं हीच अडचण असते. इंग्रजीत याला ऑपोझिशन म्हणतात, आणि ज्याच्यावर पाळी नाही, त्याच्याकडे ऑपोझिशन आहे असं समजतात. प्रश्न फक्त इतकाच, दोघे समोरासमोर येतील तेव्हा पाळी कोणाची?

त्यांनी माझा हत्ती मारला, मी राजाने त्यांचा हत्ती मारला. माझा राजा आता ई-४ वर, प्यादं एफ-३ वर, त्यांचा राजा एफ-७ वर, आणि चाल त्यांची. हे चित्र मी आधीच मनात पाहिलं होतं. त्यात त्यांचा राजा एफ-६ वर येत होता, कारण तो प्याद्याच्या सरळ वाटेत आहे आणि हात आपोआप तिकडेच जातो. तसं झालं असतं, तर मी राजा एफ-४ वर ठेवला असता. राजे समोरासमोर, पाळी त्यांची, आणि डाव माझा. ते उजवीकडे सरकले की मी डावीकडून आत, ते डावीकडे सरकले की मी उजवीकडून.

टपालवाल्या आजोबांनी दोन सेकंदांत राजा उचलून ई-६ वर ठेवला.

प्याद्याच्या वाटेत नाही, माझ्या राजाच्या समोर. आता राजे समोरासमोर होते आणि पाळी माझी होती. एफ-७ वरच्या त्या राजाला मिळू शकणाऱ्या घरांपैकी डाव वाचवणारं घर हे एकच. ई-७ वर गेले असते तर माझा राजा ई-५ वर घुसला असता. जी-६ वर गेले असते तरी तेच. एफ-६ चं वर सांगितलंच. एकच घर, आणि त्यांना ते शोधावं लागलं नाही. आपल्याच वाटेवरचा पत्ता असावा तसे ते तिथे जाऊन उभे राहिले.

माझ्या पोटात खड्डा पडला, आणि मग मी त्या एफ-३ वरच्या प्याद्याकडे पाहिलं.

ते प्यादं जर एफ-२ वर असतं तर? बाकी सगळं तेच. माझी पाळी आहे, राजा हलवायची इच्छा नाही. मी प्यादं एक घर सरकवलं असतं, एफ-२ वरून एफ-३ वर. राजे होते तिथेच, समोरासमोर, पण पाळी आता त्यांची झाली असती. डाव जिंकला. शिल्लक ठेवलेली एक चाल, बस्स, तिची ही किंमत. ती चाल माझ्या खात्यात पहिल्या चालीपासून होती, आणि मी ती तेहतिसाव्या चालीला एका निरुपद्रवी घोड्याला हुसकावण्यासाठी खर्चून बसलो होतो. पंचवीस-सव्वीस चालींनी त्याचं बिल आलं.

वाचकहो, माझं शिक्षण सगळं इंजिनिअरिंगचं. आमच्या विद्येचा पायाच मुळी असा की, नेमकं काहीच नसतं. पूल बांधा नाहीतर प्रोग्राम लिहा, थोडी सूट धरायची, भार अपेक्षेपेक्षा जास्त धरायचा, चूक झाली तरी झेपेल अशी तजवीज ठेवायची. 'एक प्यादं वर आहे, राजा पुढे आहे, म्हणजे साधारण जिंकलंच' हा माझा विचार त्याच सवयीतून आला होता. डावाच्या मध्यावर ही सवय उपयोगी पडते, कारण तिथे इतक्या शक्यता असतात की अंदाजाशिवाय गत्यंतर नसतं. पण मोहरी कमी होत जातात तसा खेळ आपली जात बदलतो. शेवटी उरतो तो शुद्ध हिशेब, आणि त्यात सूट शून्य. हत्ती मध्ये घालताना मी एक दार ओलांडत होतो. दाराच्या अलीकडे अंदाज चालतो, पलीकडे चालत नाही. बहुतेक हौशी डाव या दारातच बिघडतात असं मला आता वाटतं. आपण मारामारीकडे 'मोहरी कमी करणं' म्हणून पाहतो. खरं तर तो एका खेळातून दुसऱ्या खेळात प्रवेश असतो, आणि आत जाण्यापूर्वी पलीकडचा हिशेब पूर्ण करायचा असतो. माझ्याकडे सहा मिनिटं होती. मी चाळीस सेकंद वापरली.

हा हिशेब किती छोटा आहे, हे सांगितलं तर हसाल. राजा-प्यादं विरुद्ध राजा या खेळाच्या सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या स्थिती मोजता येतात. प्यादं पहिल्या किंवा आठव्या ओळीत असत नाही, आणि पटाचा डावा अर्धा उजव्याचं प्रतिबिंब असतो, म्हणून प्याद्याला घरं २४. दोन राजांना प्रत्येकी ६४. पाळी दोघांपैकी एकाची. गुणाकार केला की १,९६,६०८ होतात. त्यातल्या प्रत्येकीचं उत्तर फक्त 'जिंकतं' किंवा 'बरोबरी', म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत एक बिट. सगळं सत्य २४,५७६ बाइटमध्ये मावतं. आपल्या फोनमधल्या एका फोटोला याच्या कित्येक पट जागा लागते. मोठी कोष्टकंही झाली आहेत. पटावर सातपर्यंत मोहरी असतील तर कोणतीही स्थिती आज कोष्टकात पाहता येते. तसं पहिलं संपूर्ण कोष्टक मॉस्कोत २०१२ मध्ये तयार झालं. पण माझ्या कामाचं ते चोवीस हजार बाइटचंच होतं, आणि त्यातलाही एकच बिट.

डावाकडे परत येतो. बरोबरी मागावी असं मनात आलं, पण १८०० सुटत नव्हते. वाटलं, अजून चुकतील. मी राजा एफ-४ वर नेला, ते एफ-६ वर आले. मी जी-४, ते जी-६. परत एफ-४, परत एफ-६. परत ई-४, परत ई-६. आरशासमोर उभं राहून आरशाला चकवायचा प्रयत्न करावा, तसं चाललं होतं. शेवटी प्यादं पुढे ढकलण्यावाचून काही उरलं नाही. प्यादं एफ-४, मग एफ-५. त्यांचा राजा सावकाश मागे सरकत गेला. मी राजा ई-५ वर आणला, ते ई-७ वर समोर. मी प्यादं एफ-६ वर नेऊन शह दिला, ते एफ-७ वर. मी राजा एफ-५ वर आणला.

इथे त्यांना शेवटची परीक्षा होती. मागे जायला तीन घरं, ई-८, एफ-८ आणि जी-८. कडेच्या दोन्ही घरांत डाव जातो. समजा राजा ई-८ वर गेला, तर माझा राजा ई-६ वर येऊन समोर उभा राहतो, पाळी त्यांची, आणि पुढच्या दोन चालींत प्याद्याची वाट मोकळी. जी-८ वर गेला तर हेच दुसऱ्या बाजूने. सरळ मागे एफ-८ वर गेला, तर मात्र मी कुठल्याही बाजूने आलो तरी तो समोर येतो. नवशिक्यांना शिकवताना म्हणूनच सांगतात की प्याद्यासमोरून हटायचं ते सरळ मागे. या वेळी त्यांनी दोन सेकंद घेतली नाहीत. बहुधा एकच.

एफ-८. मी ई-६, ते ई-८. मी प्यादं एफ-७ वर नेऊन शह, ते एफ-८. आता माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. प्यादं सोडून द्यायचं किंवा राजा एफ-६ वर आणून त्याला राखायचं. मी राखलं. त्यांच्या राजाला शह नाही, पण हलायलाही एक घर नाही. स्टेलमेट. बहात्तर चाली, बरोबरी.

सांगलीला माझ्या काकांनी मला बुद्धिबळ शिकवलं, तेव्हा यावरून आमची कायम भांडणं व्हायची. काकांचं म्हणणं, समोरच्याचा राजा कोंडला की कोंडणारा जिंकला, मग शह असो-नसो. त्यांच्या घरी प्यादंही पहिल्या चालीला एकच घर चालायचं. पुढे मी नूतन बुद्धिबळ मंडळात जाऊ लागलो. भाग्यश्री साठे यांचं हे गाव, तिथे सगळे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळायचे. तिथे हा नियम कळला आणि मी घरी येऊन काकांना ठणकावून सांगितला. त्या रविवारी ओहायोत मात्र मला काकांचे नियम फार आवडले असते.

डाव संपला की दोघांनी शेजारच्या खोलीत जाऊन तो पुन्हा मांडायचा, अशी इथे एक छान प्रथा आहे. तासाभरापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं शेजारी बसून "इथे तुम्ही असं खेळला असतात तर?" करत असतात. मला खरं म्हणजे गाडीत बसून निघून जायचं होतं. पण त्यांनी थर्मासमधली उरलेली कॉफी कागदी कपात ओतून माझ्यासमोर ठेवली, आणि मी बसलो.

मला वाटलं होतं, ते बाविसाव्या चालीपासून सुरुवात करतील, जिथे त्यांचं प्यादं गेलं. त्यांनी आपली जाड वही उघडली, बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबवलं. तेहतीस. पेन्सिलीने त्यांनी तिथे एक बारीक टिंब केलं होतं.

"हे टिंब डाव चालू असतानाच केलंत?" मी विचारलं. चालू डावात वहीत स्वतःसाठी टिपण करायला परवानगी नसते, पण माझ्या विचारण्यात तक्रार नव्हती.

"छे, आता जिन्यात केलं," ते म्हणाले. "पण कळलं तेव्हाच होतं. प्यादी मूळ घरात असली की माणसाच्या खिशात सुटे पैसे असतात. तुम्ही खर्च केलेत, तेव्हा मला वाटलं, आता मला एक प्यादं कमी असलं तरी चालेल. मग मी फक्त बाकीची प्यादी संपवत बसलो."

म्हणजे ज्या तासात मी स्वतःला जिंकत असलेला समजत होतो, त्या तासात समोरचा माणूस नेमक्या त्या शेवटच्या स्थितीकडे डाव नेत होता. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग मजा वाटली. मी विचारलं, हे सगळं पुस्तकातून शिकलात का. ते म्हणाले, पुस्तकं होतीच, पण टपालाच्या फेरीत रोज कित्येक मैल चालताना डोक्यात दुसरं काय करणार? एक राजा, एक प्यादं, एक राजा. एवढं डोक्यात मावतं. वीस-पंचवीस वर्षं हेच घोळवत चाललो. आता सुरुवातीच्या चाली विसरतो, मध्येच प्यादी हरवतात, पण हे जात नाही.

त्यांनी पटावर तीन मोहरी ठेवली, प्यादं एफ-२ वर. "आता तुम्ही पांढरे," म्हणाले. मी जिंकलो. मग प्यादं एफ-३ वर ठेवलं. जिंकता आलं नाही. मग बाजू बदलून पुन्हा दोन्ही. मागे कोणीतरी खुर्च्या गोळा करत होतं.

त्या रात्री घरी पोचल्यावर सगळे झोपलेले होते. मी लॅपटॉप उघडून ते चोवीस हजार बाइटचं कोष्टक तयार करणारा प्रोग्राम लिहिला. शंभर ओळीसुद्धा लागत नाहीत. निकाल लागलेल्या स्थितींपासून सुरुवात करून उलट्या दिशेने मागे यायचं, उत्तर बदलणं थांबलं की झालं. सेकंदभरात काम संपलं. मी दोन स्थिती विचारल्या. राजा ई-४, राजा ई-६, पांढऱ्याची पाळी, प्यादं एफ-२: जिंकतं. तेच सगळं, प्यादं एफ-३: बरोबरी.

आकडा १७९० च्या घरातच राहिला. पुढच्या वसंतात एका स्पर्धेत १८०० ओलांडले, आणि त्याच्या पुढच्याच स्पर्धेत पुन्हा खाली आलो. टपालवाल्या आजोबांशी त्यानंतर दोनदा गाठ पडली. एकदा ते हरले, एकदा मी. दोन्ही डावांत माझं एफ-प्यादं तिसाव्या चालीपर्यंत एफ-२ वरून हललं नव्हतं, आणि दुसऱ्या डावात ते तिथेच असताना मला मात झाली.